घराला पिवळा रंग देताना



दसरा झाला, गोधड्या धुऊन वाळल्या, आता दिवाळीआधी घराला रंग, हे बहुतेक घरांत ठरलेलंच असतं. आम्ही गटांच्या बैठकांना गावोगाव फिरतो. या दिवसांत हप्त्याच्या हिशोबाआधी रंगाचाच विषय निघतो. आणि हल्ली बायकांच्या तोंडी सगळ्यात जास्त येणारा रंग म्हणजे पिवळा. कुणी हळदीचा म्हणतं, कुणी झेंडूचा, कुणी लोण्याचा, कुणी दुकानातून आणलेल्या कार्डावर नुसतं बोट ठेवतं. कर्जाच्या अर्जात मात्र सगळ्यांचा शब्द एकच, 'घराची रंगरंगोटी'.

म्हणून आजचं बोलणं पिवळ्या रंगाचं. आमचं सांगणं असं आहे की पिवळा हा एकच रंग नाही. हळद पिवळी, पिवडी पिवळी आणि ऑइल पेंटच्या डब्यातला रंगही पिवळाच. डोळ्यांना तिन्ही जवळजवळ सारखे दिसतात, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा. एक उन्हात उडून जातो, एक पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि एकात रांगत्या बाळाला अपाय करणारी गोष्ट असू शकते. कार्डावर बोट ठेवण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आधी हे पाहू की पिवळा हवासा का वाटतो. आपल्या जुन्या घरातलं माजघर म्हणजे एक दार आणि हातभर खिडकी. घरकुलाची खोलीही काही ऐसपैस नसते. योजनेत घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलेलं आहे आणि स्वयंपाकाची जागाही त्यातच आली. अशा घरात भिंतीचा रंग ही नुसती सजावट नसते, तो उजेडाचा हिशोब असतो. भिंतीवर पडलेल्या उजेडातला काही भाग भिंत पिऊन टाकते, उरलेला खोलीत परत देते. पांढरी भिंत सगळ्यात जास्त परत देते, धुराने काळवंडलेली भिंत जवळजवळ काहीच देत नाही. फिकट पिवळी भिंत पांढरीच्या खालोखाल येते. शिवाय तिच्यावरून परतलेला उजेड कोवळ्या उन्हासारखा असतो. ढगाळ दिवशीसुद्धा खोली उदास वाटत नाही. दिवसातले दहा-बारा तास ज्या बाईचे त्याच खोलीत जातात, तिने हा रंग मागितला तर ती काही हौस म्हणून मागत नाही.

पण उबदार पिवळा आणि थंड पिवळा यात फरक आहे. पिवळ्यात तांबड्याची चिमूट पडली की तो हळदीकडे, झेंडूकडे झुकतो आणि उबदार दिसतो. निळ्याची किंवा हिरव्याची चिमूट पडली की तो कच्च्या लिंबाकडे जातो. दुकानातल्या कार्डावर हे दोघे शेजारी असतात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ओळखू येत नाहीत. सोपी युक्ती म्हणजे कार्ड घरी आणा आणि दिवसाच्या उजेडात त्याच्या एका बाजूला झेंडूचं फूल, दुसऱ्या बाजूला लिंबू ठेवा. रंग कुणाच्या नात्यातला आहे ते लगेच कळतं.

इथेच आपल्या एका जुन्या सवयीकडे बघायला हवं. चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून आपण त्यात नीळ घालतो. पांढऱ्यासाठी ते ठीक. पण पिवळा करायच्या चुन्यात नीळ गेली की पिवळा हिरवट होतो आणि भिंत आजारी दिसते. मग 'पिवडीच खराब होती' म्हणून दुकानदाराशी भांडण. पिवळ्यात नीळ नको. उलट चिमूटभर गेरू किंवा काव घाला, रंगाला ऊब येते.

बल्बचंही तसंच. एलईडी बल्बच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० आणि पुढे 'के' असं छापलेलं असेल तर उजेड पिवळसर पडतो. ६५०० 'के' असेल तर पांढरा, निळसर. निळसर उजेडाखाली दिवसा छान दिसणारी पिवळी भिंत रात्री फिकुटलेली, हिरवट दिसते. रंग बदलण्याआधी एकदा बल्ब बदलून बघा. ते स्वस्त पडतं.

आता हळदीकडे येऊ, कारण हा प्रश्न आम्हाला प्रत्येक गावात येतो. 'ताई, घरचीच हळद आहे, चुन्यात कालवली तर?' नाही चालत. का नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. लग्नात साडीवर हळदीचा डाग पडतो. त्याला साबण लावला की काय होतं? डाग तांबडा होतो. साबणात खार असतो आणि खार लागला की हळद तांबडी होते. चुना तर साबणापेक्षा कितीतरी जास्त खारा. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. म्हणजे चुन्यात हळद घातली तर पिवळी भिंत मिळणारच नाही, तांबूस मिळेल. आणि तीही राहणार नाही. साडीवरचा तोच डाग दोन दिवस कडक उन्हात टाकला की फिका होऊन निघून जातो, तसाच भिंतीवरूनही जाईल. जेजुरीला भंडारा उधळून पायऱ्या पिवळ्याधमक होतात आणि पुन्हा पुन्हा उधळतात म्हणूनच त्या पिवळ्या राहतात. हळद अंगाला लावावी, भाजीत घालावी. भिंतीसाठी ती नाही.

भिंतीसाठी आहे ती पिवडी. पिवडी म्हणजे पिवळी माती. तिच्यातला रंग लोखंडाचा असतो. पत्र्यावर गंज चढतो तोही लोखंडाचाच, त्याच कुळातला. म्हणून पिवडीला उन्हाचं भय नाही आणि चुन्याचंही नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत जी चित्रं आहेत, त्यांत पिवळी आणि तांबडी माती वापरलेली आहे. साधारण दीड हजार वर्षं झाली, रंग अजून ओळखू येतात. गंमत म्हणून एकदा चमचाभर पिवडी जुन्या तव्यावर भाजून बघा. ती तांबडी होते, गेरूसारखी. तिच्यात धरून ठेवलेलं पाणी भाजल्यावर निघून जातं म्हणून असं होतं. म्हणजे पिवडी आणि गेरू या सख्ख्या बहिणी. एकीत दुसरीची चिमूट इतकी सहज मिसळते ती म्हणूनच.

आता बाजारात 'पिवडी' म्हणून जे मिळतं ते सगळं मातीच असतं असं नाही. दुसरी कुठलीतरी पिवळी पूडही त्या नावाने खपते. घरी आणल्यावर काचेच्या पेल्यात दोन चमचे विरलेला चुना, थोडं पाणी आणि चिमूटभर पूड कालवा आणि दोन दिवस खिडकीत उन्हात ठेवा. पिवळा रंग जसाच्या तसा राहिला तर ती चुन्यात चालेल. तांबडा, नारिंगी झाला किंवा उडाला तर ती पूड परत करा. मात्र या परीक्षेतून एवढंच कळतं की रंग चुन्यात टिकेल की नाही. पुढे आम्ही शिशाबद्दल बोलणार आहोत, ते या पेल्यात कळत नाही.

कुठला रंग आणायचा हे ठरवण्याआधी भिंत कशाची आहे ते बघायचं. हे सांगताना आम्हाला एका गटातल्या काकू आठवतात. लेकीचं लग्न होतं, घर मातीच्या भिंतींचं, जुनं आणि भक्कम. पाहुणे येणार म्हणून गटाचं कर्ज काढून सोप्याला पिवळा ऑइल पेंट दिला. लग्नात घर असं चमकत होतं की नवरीपेक्षा भिंतींचेच फोटो जास्त. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला फुगे आले. मग पोपडे सुटायला लागले, आणि नुसता रंग नाही, त्याच्या मागची माती घेऊन सुटले. कर्जाचे हप्ते अजून सहा बाकी होते.

यात काकूंचं काय चुकलं? भिंतीचा स्वभाव कुणी सांगितला नव्हता, एवढंच. मातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते. आपण आत स्वयंपाक करतो, पाणी तापवतो, झोपतो, त्याचीही वाफ भिंतीत जाते. ही ओल भिंतीच्या पृष्ठावरून हळूहळू हवेत जात असते. सारवलेली किंवा चुना दिलेली भिंत तिला जाऊ देते. ऑइल पेंट म्हणजे भिंतीवर चढवलेली प्लॅस्टिकची पिशवीच. ओल पेंटच्या मागे अडकते. पाण्याबरोबर जमिनीतला खार वर आलेला असतो, तो तिथेच जमून फुलतो आणि रंगाला बाहेर ढकलतो. रंग कितीही महागाचा असो, हे होणारच. दगड-मातीच्या, कच्च्या विटांच्या आणि जुन्या चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीला चुनाच द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाहुणे चार दिवसांचे असतात.

सिमेंटचा गिलावा असेल तर चुनाही चालतो, डिस्टेंपरही चालतो. गिलावा नवीन असेल तर डिस्टेंपरची घाई नको. ओल्या सिमेंटमध्येही खार असतोच आणि तो रंगाला डागाळतो. भिंत पूर्ण सुकेपर्यंत थांबा, तोवर हवं तर चुन्याचा हात द्या. आणि जिथे आधी ऑइल पेंट किंवा डिस्टेंपर लावलेला आहे तिथे वरून चुना धरत नाही, झडून जातो. आता शेणापासून केलेला रंगही मिळतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तो जानेवारी २०२१मध्ये बाजारात आणला, डिस्टेंपरही आहे आणि भारी प्रकारही आहे. मिळाला तर बघा. पण शेणाचा आहे म्हणजे सारवणासारखाच, असं समजू नका. तो डब्यातला रंगच आहे, डब्यावरच्या सूचनांप्रमाणेच लावायचा.

चुना हा प्रकार समजून घेतला की त्याच्याशी जमतं. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी पडलं की तो उसळून विरतो. आणि भिंतीवर लावल्यावर हवा खाऊन तो पुन्हा दगड होतो. म्हणजे आपण भिंतीवर पातळ दगडच चढवत असतो. म्हणून त्याला घाई चालत नाही. तापलेल्या, कोरड्या भिंतीवर भरदुपारी चुना दिला तर तो दगड व्हायच्या आधीच सुकतो आणि मग हात लावला की पांढरा निघतो. आदल्या दिवशी भिंत झाडा, जळमटं आणि सुटे पोपडे काढा, भेगा बुजवा. लावायच्या आधी भिंतीवर पाणी शिंपडा आणि सकाळी किंवा ऊन कलल्यावर काम करा.

सरकारी इमारतींना चुना देताना जे प्रमाण वापरतात तेच आम्ही सांगतो, कारण ते साधं आहे. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी. चोवीस तास भिजत ठेवायचा, मग जाड्याभरड्या कापडातून गाळायचा. दहा लिटर गाळलेल्या चुन्याला ४० ग्रॅम डिंक, गरम पाण्यात विरघळवून. डिंकामुळे कपड्याला रंग लागणं कमी होतं. पण 'जास्त डिंक म्हणजे जास्त पक्का' असं करू नका, जास्त झाला की पापुद्रे निघतात. कळीचा चुना मिळाला नाही तर फक्की आणा, तीही रात्रभर भिजवा. फक्कीचं पोतं उघडं पडून जुनं झालेलं नको; पोत्यातच हवा खाऊन तिचा दगड झालेला असतो, मग भिंतीवर ती काय धरणार?

चुना विरवताना जपा. पाणी आधी घ्या आणि त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. खड्यांवर एकदम पाणी ओतलं तर अंगावर उडतं. पाणी उकळायला लागतं, म्हणून पातळ प्लॅस्टिकची बादली नको, लोखंडी पिंप घ्या. जर्मनचं पातेलंही नको, चुना त्याला खातो. पोरांना आणि कोंबड्यांना लांब ठेवा. हाताला खोबरेल लावा, डोक्याला फडकं बांधा, आणि मिळाला तर डोळ्यांना साधा चष्मा लावा. चुना डोळ्यात गेला तर चोळू नका, त्यात तेल-तूप घालू नका. स्वच्छ पाण्याची धार धरा, चांगली पंधरा-वीस मिनिटं, आणि तशाच दवाखान्यात जा. चुन्याने डोळा जाऊ शकतो. यात आम्ही काही वाढवून सांगत नाही.

आता रंग. पहिला हात नुसत्या पांढऱ्या चुन्याचा द्या, पिवडी न घालता. याचे दोन फायदे. पांढऱ्यावर पिवळा उजळ दिसतो. आणि एका हाताला खोलीत किती चुना लागतो ते कळतं. हे कळणं फार महत्त्वाचं, कारण पिवळा चुना अख्ख्या खोलीला पुरेल इतका एकदमच कालवायचा असतो. अर्ध्यावर संपला आणि पुन्हा कालवला की दुसऱ्या वेळचा पिवळा पहिल्यासारखा येतच नाही. समोरची भिंत एका रंगाची, दाराची दुसऱ्या.

पिवडी आदल्या रात्री वेगळी भिजवा. पिठल्याचं बेसन कालवतो तशी, गुठळी राहू न देता, आणि फडक्यातून गाळून घ्या. मग नमुने करा. एक लिटर चुन्यात एक चमचा, दुसऱ्या लिटरमध्ये दोन, तिसऱ्यात तीन. तिन्हींचे हातभर पट्टे भिंतीवर ओढा, एक खिडकीजवळ, एक अंधाऱ्या कोपऱ्यात. चुना ओला असताना पाण्यासारखा पातळ दिसतो, खालची भिंत दिसत राहते. सुकला की भरतो, आणि रंग फिका पडतो. म्हणून ओल्यावर ठरवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा. आणि जो आवडला त्याच्यापेक्षा एक पायरी फिका घ्या. हातभर पट्टा एकटा असतो. चारही भिंती पिवळ्या झाल्या की त्या एकमेकींवर रंग फेकतात आणि सगळंच गडद होतं. पश्चिमेकडे दार असेल तर अजूनच फिका घ्या, कारण संध्याकाळचं ऊन आत आलं की गडद पिवळा डोळ्यावर येतो. छताकडची बाजू पांढरी ठेवा.

पिवडीलाही हद्द आहे. चुना आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच रंग धरून ठेवतो. पाच किलो चुन्याला अर्धा किलो. त्यावर घातली की ती भिंतीला न चिकटता पाठीला चिकटते. म्हणजे चुन्यात भाताच्या पेंढीसारखा, ताकावरच्या लोण्यासारखा, कोवळ्या मक्यासारखा पिवळा मिळेल. गडद झेंडूचा मिळणार नाही. तो हवाच असेल तर सिमेंटच्या भिंतीवर डिस्टेंपर घ्यावा लागेल. आमच्या मते लहान खोलीला फिकाच शोभतो, पण घर तुमचं आहे.

हात देताना कुंचा आधी वरून खाली, मग खालून वर. तो सुकायच्या आत आडवा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मधून मधून पिंप ढवळत राहा, पिवडी तळाला बसते. एक हात सुकला की दुसरा. नव्या भिंतीला एकूण तीन हात लागतात. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ तीन चांगले. जाड थर तडकतो.

खालच्या बाजूला, कमरेइतका, काव किंवा गेरूचा पट्टा ओढायची आपली जुनी पद्धत आम्हाला फार शहाणपणाची वाटते. पाठी टेकतात तिथे, पोरांचे हात लागतात तिथे, झाडूचं पाणी उडतं तिथे तांबड्यावर डाग दिसत नाही. वरचा पिवळा आणि खालचा तांबडा एकमेकांना शोभतात, बहिणीच ना. चुलीमागच्या भिंतीला मात्र पिवळ्याची हौस नको, महिन्याभरात धूर तिला खाईल. ती दर सणाला पोतारता येईल अशीच ठेवा.

एक गोष्ट जाता जाता. भिंती सारवणं, पोतारणं, चुना काढणं हे बायकांनीच केलं. पण शिडी आणि डबा आला की ते 'रंगकाम' होतं आणि माणूस बोलवावा लागतो. एक-दोन गटांनी मिळून पिंप, कुंचे आणि शिडी सामाईक घेतली तर एकमेकींची घरं एका आठवड्यात होतात. शेजारच्या गावची कामंही घेता येतील. बैठकीत विषय काढून बघा.

आता ऑइल पेंटच्या डब्याबद्दल. भिंतीला नाही लावला तरी दाराला, खिडकीच्या गजांना, पाळण्याला, कपाटाला आपण तो लावतोच. चमकदार पिवळा रंग यावा म्हणून ऑइल पेंटमध्ये वर्षानुवर्षं शिशाचं एक संयुग घालत आले. पिवळ्यात, केशरी आणि तांबड्यात त्याचं प्रमाण बरेचदा जास्त असायचं. शिसं म्हणजे जड धातूचं शिसं. पोरांच्या शिसपेन्सिलीत नावापुरतंच शिसं असतं, आत ते नसतं, त्यामुळे तिची भीती नको. पण रंगातलं शिसं खरं आहे. जुना रंग घासला जातो, त्याचे कण खाली पडतात, रांगणारं बाळ त्यात हात फिरवतं आणि हात तोंडात घालतं. दात शिवशिवणारं मूल पाळण्याची कड चावतं. शिसं पोटात गेलं की ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. मूल शिकायला मागे पडतं, चिडचिडं होतं, रक्त कमी होतं. आणि बाहेरून काहीच दिसत नाही. गरोदर बाईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. शिशाचं अमुक प्रमाण सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही.

केंद्र सरकारने २०१६मध्ये नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७पासून तो लागू झाला. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. डब्यावर तसं छापलेलं असावं लागतं. म्हणून ऑइल पेंट घ्यायचाच असेल तर डबा हातात घेऊन वाचा किंवा लेकीला वाचायला लावा. शिशाबद्दल काही छापलेलं नसेल, कंपनीचा पत्ता नसेल, तारीख नसेल, तर स्वस्त असला तरी तो डबा घरात आणू नका. पाळण्याला आणि खेळण्यांना तर अजिबात नको.

त्याहून मोठी काळजी जुन्या रंगाची. २०१७च्या आधीचा पिवळा, केशरी, तांबडा ऑइल पेंट ज्या दाराला, कपाटाला आहे, तिथे शिसं असू शकतं असंच धरून चाला. तो घट्ट बसलेला असेल तर त्याला डिवचू नका, वरून नवा चांगला रंग द्या. पोपडे सुटत असतील तर कोरडं घासू नका, त्याची धूळ घरभर होते. पाणी मारून, ओलं ठेवून खरवडा. गरोदर बाईने आणि मुलांनी त्या वेळी घरात थांबू नये. खाली कागद अंथरा, सगळे तुकडे गोळा करा, जमीन ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नका.

आणि रंगवलेलं जुनं लाकूड चुलीत घालू नका. नवीन चौकट बसली की जुनी फोडून आपण सरपणाला लावतो. रंग जळला की त्यातलं शिसं धुरात जातं, उरलेलं राखेत राहतं. त्याच राखेने आपण भांडी घासतो. बंबातही नको, शेकोटीतही नको. पाळण्याचं लाकूड, देवघराचा तुटका पाट, पोरांची मोडकी गाडी, रंग असेल तर चुलीपासून लांब.

पैशाचं थोडक्यात. दुकानात जाण्याआधी भिंत मोजा. दहा बाय बारा फुटांची खोली, उंची दहा फूट. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले दहा, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातून दार आणि खिडकीचे तीसेक फूट वजा करा. डिस्टेंपरच्या डब्यावर एका लिटरमध्ये किंवा किलोत किती चौरस फूट होतात ते छापलेलं असतं, त्याने भागा आणि दोन हातांसाठी दुप्पट करा. ही आकडेमोड चिठ्ठीवर लिहून नेली की 'अजून एक डबा लागेलच' असं कुणी सांगू शकत नाही. गटाचं कर्ज रंगासाठी घ्यावं का, असं आम्हाला विचारतात. गळकं छत, तडकलेली भिंत, न्हाणीघर बाकी असेल तर आधी ते करा. चुन्याला लागणारे पैसे बहुतेकींच्या महिन्याच्या बचतीच्या आसपासच असतात, त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही. डिस्टेंपरसाठी घ्यायचंच तर लहान मुदतीचं घ्या, पुढच्या पावसाळ्याआधी फिटेल असं.

काम संपल्यावर उरलेला पिवळा चुना लगेच फेकू नका. डब्यात वर बोटभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावलं की तो काही महिने राहतो. पोरांनी ओढलेल्या रेघा, खिळा काढल्याची खूण यावर तोच हात मारता येतो. आणि किती लिटर चुन्याला किती चमचे पिवडी, किती गेरू, हे कपाटाच्या दाराच्या आतून लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीला तोच पिवळा पुन्हा कालवायचा असेल तर ते लागेल.